रिपोर्टमधले सत्तर टक्के

‘मेंदूची धमनी सत्तर टक्के अरुंद’ असं एमआर अँजिओच्या (एमआरए) रिपोर्टवर छापून आलं की घरात धावपळ सुरू होते. आकडा छापील असल्यामुळे तो मोजूनमापून काढला असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात या तपासणीत धमनीची रुंदी थेट मोजलीच जात नाही.

एमआरएच्या नेहमीच्या पद्धतीत सुई नाही, डाय नाही, क्ष-किरणही नाहीत. चुंबकीय क्षेत्रात वाहतं रक्त स्थिर पेशींपेक्षा उजळ दिसतं, त्यावरून धमन्यांचा नकाशा तयार होतो. म्हणजे चित्र येतं ते प्रवाहाचं. अरुंद जागी रक्त भोवऱ्यासारखं घुसळलं किंवा फार मंदावलं तर उजळपणा जातो आणि धमनी तिथे तुटल्यासारखी दिसते. त्यामुळे निम्मी उघडी असलेली धमनीही चित्रात जवळजवळ बंद वाटू शकते.

सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडतात आणि काही सेकंदांत छायाचित्रं घेतात. इथे धमनीची पोकळीच डायने भरलेली दिसते, म्हणून रुंदीचा अंदाज सहसा अधिक भरवशाचा. पक्षाघाताचा रुग्ण इमर्जन्सीत आला की एक-एक मिनिट मोलाचं असतं आणि तिथे सीटीचा हा वेग कामी येतो. मात्र किरणांचा डोस घ्यावा लागतो आणि मूत्रपिंड नाजूक असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं. कवटीच्या तळाशी हाडाला खेटून जाणाऱ्या धमनीत कॅल्शियम साचलं असेल, तर त्याच्या चकाकीत पोकळी नीट ओळखू येत नाही.

तिसरी तपासणी सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत दुर्लक्षित: ट्रान्सक्रेनियल डॉपलर. १९८२ मध्ये रुने आसलिड आणि सहकाऱ्यांनी कानशिलाजवळच्या पातळ हाडातून अल्ट्रासाऊंडच्या लहरी आत पाठवून रक्ताचा वेग मोजून दाखवला. पाण्याच्या नळीवर अंगठा दाबला की धार जोरात उडते, तसं अरुंद जागी रक्त वेगाने धावतं. मशीन रुग्णाच्या खाटेपाशी नेता येतं. अडचण हाडाची. काहींचं, विशेषतः वयस्क स्त्रियांचं, कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की लहरी आत शिरतच नाहीत. शिवाय तपासणाऱ्याचा हात सरावलेला हवा.

लहान मुलांमध्ये मात्र या यंत्राने कमाल केली. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरवर गेला की पक्षाघाताचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने तो ९० टक्क्यांहून अधिक घटला, असं १९९८ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेलचे रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही माहिती फार कामाची आहे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? या तपासण्या ज्या कसोटीवर घासून बघतात ती आहे कॅथेटर अँजिओग्राफी. १९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी तिची सुरुवात केली. आज जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून ती करतात. तिचा जोखमीचा भाग म्हणजे तपासणीमुळेच क्वचित पक्षाघात होऊ शकतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोनिया’ अभ्यासात डॉपलर आणि एमआरए या कसोटीला लावले गेले. निम्म्याहून जास्त अरुंदपणा आहे असं डॉपलरने सांगितलं, तिथे १०० पैकी ३६ वेळाच ते खरं निघालं. एमआरएच्या बाबतीत ५९ वेळा. ‘काही नाही’ हा निर्वाळा मात्र अनुक्रमे ८६ आणि ९१ टक्के बरोबर ठरला. थोडक्यात, स्वच्छ रिपोर्टवर बऱ्यापैकी विसंबता येतं. घाबरवणारा रिपोर्ट दुसऱ्या पद्धतीने पडताळलेला बरा.

पडताळणी नेहमी नळीनेच करायची, असंही नाही. बहुतेकदा सीटी अँजिओ पुरते. शिवाय आकडा मोठा आला म्हणून लगेच धमनी नळीने उघडायची असंही नसतं. २०११ च्या ‘सॅमप्रिस’ चाचणीत मेंदूच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घातलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना ३० दिवसांत पक्षाघात वा मृत्यूने गाठलं. नुसत्या कडक औषधोपचारात हेच प्रमाण ५.८ टक्के होतं. तेव्हापासून पहिला उपचार म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, रक्तदाब-साखरेवर लगाम आणि तंबाखू बंद. आकडा साठ असो की सत्तर, बहुतेकांच्या चिठ्ठीवर औषधं तीच राहतात.