मेथडिस्ट संघातील वर्गपद्धती : आध्यात्मिक संवर्धन आणि नेतृत्वाचे उत्तरदायित्व

ख्रिस्ती मंडळीतील आध्यात्मिक वाढीचा विचार बहुधा उपदेशकाच्या वक्तृत्वाकडे पाहून केला जातो. जॉन वेस्ली (१७०३-१७९१) ह्याने इंग्लंडमध्ये चालविलेल्या मेथडिस्ट चळवळीविषयीही समजूत अशीच आहे की, १७३९ पासून ब्रिस्टलच्या परिसरात उघड्यावर झालेल्या प्रवचनांनी खाणमजूर हेलावले आणि चळवळ फोफावली. प्रवचनांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेलावलेल्या मनुष्याचे पुढील आठवड्यात, पुढील वर्षी काय होते, हा प्रश्न प्रवचनाने सुटत नाही. वक्ता ह्या नात्याने जॉर्ज व्हिटफील्ड हा वेस्लीपेक्षा सरस मानला जाई. पण त्याच्यामागे तितकी भक्कम संघटना उरली नाही. हा फरक पाडणाऱ्या योजनेचा उगम एका कर्जात आहे.

ब्रिस्टल येथील 'न्यू रूम' ह्या सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज थकले होते. त्याच्या फेडीचा विचार करण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभासद जमले असता, फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही झेपणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा तो म्हणाला की, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा. त्यांना देणे जमले नाही तर त्यांची भर मी घालीन. अशा रीतीने सुमारे बाराजणांचे 'क्लास' अथवा वर्ग पडले. (वर्ग म्हणजे येथे शिकवणीचा वर्ग नव्हे, केवळ विभाग.) पेनी गोळा करण्यासाठी घरोघर जाणाऱ्यांना पेनीबरोबर घरातील स्थितीही दिसू लागली : कोठे नवरा-बायकोची भांडणे, कोठे दारू. वसुलीच्या ह्या व्यवस्थेत आपल्याला हवी असलेली देखरेखीची व्यवस्था आयती सापडली, हे वेस्लीने ताबडतोब ओळखले, आणि त्याच वर्षी लंडनमध्येही ती सुरू केली.

लवकरच घरभेटींऐवजी साप्ताहिक बैठक आली. त्याची कारणे व्यावहारिक होती. दुसऱ्याच्या घरी नोकरीला असलेल्यांना एकान्तात भेटणे मालकांना रुचत नसे. शिवाय परस्परांविषयीच्या तक्रारींचा निकाल समोरासमोर लवकर लागे. बैठकीत पुढारी प्रत्येकाच्या आत्मिक अवस्थेची चौकशी करी, सल्ला देई, गरिबांसाठी आलेली देणगी स्वीकारी आणि आजारी अथवा बहकलेल्या सभासदांची वार्ता उपदेशकाला कळवी. ह्याहून अधिक जवळिकीच्या 'बँड' नामक छोट्या संगतींसाठी १७३८ मध्ये केलेल्या नियमांत अशी योजना होती की, एकाने प्रथम स्वतःची अवस्था सांगावी आणि मगच इतरांना प्रश्न विचारावेत. ह्या क्रमाचे महत्त्व थोडे नाही. विचारणारा स्वतः विचारणेच्या बाहेर राहिला नाही, म्हणजे चौकशीचे रूपान्तर हेरगिरीत होण्याचा धोका पुष्कळच कमी होतो.

हे पुढारी दीक्षित पाळक नव्हते. त्यांत कारागीर होते, दुकानदार होते आणि स्त्रियाही होत्या. सारा क्रॉस्बी १७६१ मध्ये डर्बी येथे आपला वर्ग घेण्यास गेली, तेव्हा तीसएक माणसे अपेक्षित असता सुमारे दोनशे जमली. प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे अशक्य झाल्याने तिने सर्वांना मिळून बोध केला आणि आपण मर्यादा ओलांडली की काय, असे वेस्लीला पत्राने विचारले. मर्यादा ओलांडलेली नाही, असे त्याने कळविले. मात्र मेथडिस्ट लोक स्त्री-उपदेशकांना मान्यता देत नाहीत, हे श्रोत्यांना सांगून मग मनात आहे ते बोलावे, अशी पुस्तीही जोडली! नियम जागेवर ठेवून अनुभवाला वाट देण्याची ही रीत त्याच्या स्वभावाला धरून होती.

तथापि ह्या पद्धतीला कठोर बाजूही आहे. १७४३ मध्ये न्यूकॅसलच्या संघातून वेस्लीने ६४ जणांना काढून टाकले आणि त्यांची कारणवार नोंद केली. त्यांपैकी सतराजण दारूबाजीसाठी, एक पत्नीला मारहाण केल्याबद्दल, चार निंदेबद्दल. आणि सर्वांत मोठा गट, २९ जणांचा, केवळ थिल्लरपणा व बेफिकिरी ह्यांसाठी. पहिले दोष कोणालाही दिसतील. शेवटच्याचा निवाडा मात्र पूर्णपणे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असतो. दर तीन महिन्यांनी सभासदत्वाची चिठ्ठी नवी करून घ्यावी लागे, हे लक्षात घेता ह्या अधिकाराची व्याप्ती ध्यानात येते.

किंबहुना पद्धतीचे मूळ वैगुण्य येथेच आहे. वर्गाचे पुढारी सभासदांनी निवडलेले नसत. त्यांची नेमणूक वेस्ली अथवा त्याचे साहाय्यक करीत. सभासद पुढाऱ्याला आणि पुढारी उपदेशकाला जबाबदार होता; उपदेशक वेस्लीला जबाबदार होता. वेस्लीला जाब विचारणारे संघात कोणी नव्हते. आपल्या पश्चात सत्ता कोणाकडे जावी हे त्याने १७८४ च्या दस्तऐवजाने ठरविले. त्यात शंभर उपदेशकांची नावे होती, सामान्य सभासद एकही नव्हता. ज्या माणसांना पन्नास वर्षे बैठकीत बोलण्याची, हिशेब ठेवण्याची, इतरांची काळजी वाहण्याची सवय लागली होती, त्यांना कारभारात मात्र स्थान नव्हते. वेस्लीच्या मृत्यूनंतर अलेक्झांडर किलहॅम ह्याने सामान्य सभासदांच्या प्रतिनिधित्वाची मागणी केली. १७९६ मध्ये त्याची हकालपट्टी झाली आणि पुढच्याच वर्षी 'मेथडिस्ट न्यू कनेक्शन' हा पहिला मोठा फुटीर पंथ निघाला. वर्गांत तयार झालेली हीच माणसे पुढे कामगार चळवळीतही दिसतात : १८३४ मध्ये टॉलपडल येथील ज्या सहा शेतमजुरांना हद्दपारीची शिक्षा झाली, त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट स्थानिक उपदेशक होता.

एकोणिसाव्या शतकाच्या ओघात वर्गसभा हळूहळू मागे पडल्या. चिठ्ठ्या आणि वर्गण्या चालू राहिल्या. आठवड्याला विचारला जाणारा प्रश्न मात्र पुष्कळ ठिकाणी कोणी विचारीनासे झाले.