उसन्या ओळींचा हिशेब

दिवाळीत पुण्याहून भाची मैंदर्गीला आली होती. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. गावाचे नाव टाइप करून तिने विचारले, "मामा, 'मैंदर्गी'तला रफार वर कोण चढवतो?"

"तूच की!"

"नाही. संगणक र, त्याचा पाय मोडल्याची खूण, ग आणि दुसरी वेलांटी एवढेच ओळीने साठवतो. तो र उचलून ग च्या डोक्यावर हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम ठेवतो. कन्नडात तोच र ग च्या उजवीकडे जातो, तेही त्याला ठाऊक."

आमचे गाव अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या वेशीवरचे. दोन्ही भाषांची कदर करणारा हा कारकून मला आवडला.

हार्फबझ सर्वांना खुला आहे. फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर तोच वापरतात, पण घेण्याची रीत निराळी. फायरफॉक्सवाले त्याची नक्कल स्वतःच्या भांडारात ठेवतात आणि ती कोणत्या आवृत्तीची, याची चिठ्ठी सोबत जोडतात. क्रोमवाले मूळ भांडाराचा पत्ता आणि तिथल्या एका नोंदीचा क्रमांक तेवढा ठेवतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाने उतारा काढून पानावर डकवला. दुसऱ्याने 'अमुक लेजर, तमुक फोलिओ पाहा' असे लिहिले.

या नोंदी 'गिट' सांभाळते. लिनस टॉरव्हल्ड्सने ते 2005 साली लिहिले. प्रत्येक बदलाला ते 40 अक्षरी खूण देते. पत्ता ठेवण्याच्या रीतीला 'सबमॉड्यूल' म्हणतात. ती गिटमध्ये 2007 साली आली. नक्कल आत घेऊनही मुळाशी नाते राखणारी 'सबट्री' 2012 पासून गिटसोबत मिळू लागली.

पत्त्याचा गुण असा, की तो एका ठरावीक नोंदीवर बोट ठेवतो. मूळ लेखकाने उद्या काही बदलले, तरी आपले काम हलत नाही. मात्र त्याने केलेली दुरुस्तीही आपोआप येत नाही. बोट कुणीतरी पुढे सरकवावे लागते. शिवाय भांडार उतरवताना आतलेही आणायला सांगितले नाही, तर तो कप्पा रिकामाच येतो. नक्कल मात्र कायम हाताशी असते. पण तिच्यात गुपचूप फेरफार करण्याचा मोह होतो.

भाचीच्या एका जुन्या कचेरीत तेच झाले होते. अक्षरे जुळवणाऱ्या एका प्रोग्रॅमची नक्कल घेऊन कुणीतरी तिच्यात चार ओळी सुधारल्या आणि लिहून ठेवले नाही. पुढे दुसऱ्याने नवी नक्कल वर टाकली. त्या चार ओळी पुसल्या गेल्या आणि छापील अर्जांवरच्या नावांतले रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. कारण शोधायला तिला दोन रात्री लागल्या.

ती हसत सांगत होती. मला हसू आले नाही. अर्जावरचे नाव खात्याशी जुळले नाही की पैसे अडकतात. नोकरीत असताना काउंटरपलीकडे, कागद हातात धरून मुकाट उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. चूक त्यांची नसायची.

दुसऱ्याचे काम उसने घेण्यात कमीपणा नाही. रफार चढवण्याची विद्या प्रत्येकाने नव्याने का शोधावी? फक्त कुणाकडून घेतले, कोणत्या दिवसाचे घेतले आणि त्यात आपण काय बदलले, एवढे लिहून ठेवावे. उसनवारीची वही घरोघरी असायची, ती याचसाठी.