फोर्टमधील पायी फेरी : कापसाच्या तेजीच्या खुणा

मुंबईत 'फोर्ट' नावाचा भाग आहे. किल्ला मात्र कोठेही दिसत नाही. या विसंगतीचा उलगडा व्हावा असे वाटत असेल तर एक दिवस पायीच हिंडावे, आणि त्यासाठी रविवार निवडावा. एरवी कचेऱ्यांकडे धावणाऱ्या गर्दीत मान वर करण्यास सवड मिळत नाही, आणि येथे पाहण्यासारखे बरेचसे मान वर केल्यावरच दिसते.

प्रारंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली काम सुरू झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह, तर दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. तेथून दादाभाई नौरोजी मार्गावरील कमानींच्या सावलीतून दक्षिणेकडे चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मारकाशेजारीच १८६४ चे फ्लोरा फाउंटन आहे. किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता तो येथेच.

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, ही तटबंदी पाडण्यात आली. त्या काळात शहरात पैशाचा पूर आला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. नव्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांसाठी झुंबड उडाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कागदावरची श्रीमंती कागदावरच राहिली.

या कथेची जन्मभूमी पूर्वेकडे दहा मिनिटांवर आहे. वाटेत १७१८ चे सेंट थॉमस चर्च लागते. चर्चगेट हे नाव त्यावरूनच पडले. पुढे हॉर्निमन सर्कल. टाऊन हॉलसमोरच्या या परिसरात पूर्वी कापसाच्या गाठी रचल्या जात आणि वडाच्या झाडाखाली दलाल जमत. त्यांच्याच परंपरेतून १८७५ साली मुंबई शेअर बाजाराची संस्था उभी राहिली. एशियाटिक सोसायटीचे घर असलेला १८३३ चा टाऊन हॉल पाहावाच. त्याच्या रुंद पायऱ्यांवर घटकाभर बसावे, हे वेगळे सांगायला नको. बँकेच्या ग्राहकांना एक गोष्ट विशेष वाटेल. त्या मंदीत १८४० ची बँक ऑफ बॉम्बे डबघाईला आली आणि १८६८ साली तिची नव्याने उभारणी करावी लागली. ठेवीदारांचा विश्वास किती नाजूक असतो, हे शहराने तेव्हाच पाहिले. ही नवी बँक पुढे १९२१ साली इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

एखाद्या इराणी उपाहारगृहात बन-मस्का आणि चहा घेऊन पश्चिमेकडे परतावे. ओव्हल मैदानावरून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उत्तम दिसतो. त्या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव असावे, एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी त्यांची संपत्ती गेली. दान दिलेले तेवढे टिकले, आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. त्याचे शिल्पकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई कधी पाहिलीच नाही!

मैदानाच्या एका बाजूस हे गॉथिक शिखर, दुसऱ्या बाजूस १९३० च्या दशकातील आर्ट डेको घरांची रांग. २०१८ पासून दोन्ही जागतिक वारसा आहेत. त्या घरांमागून समुद्राकडे चालत गेले की मरीन ड्राइव्ह येतो. बॅक बे भरून जमीन काढण्याची योजना आखणारी कंपनी १८६५ च्या मंदीत बुडाली. ते काम विसाव्या शतकात तडीस गेले. सूर्यास्ताच्या सुमारास कठड्यावर बसावे, खारे दाणे घ्यावेत. पायांना विश्रांती हवीच असते.