शेवटच्याला पहिला मान. पण निवडणारे कोण?

दि. २७ एप्रिल २०२३, गुरुवारची संध्याकाळ. भीमजयंती होऊन तेरा दिवस झाले होते आणि मी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मुलाच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. छातीत धडधड चालली होती. वास्तविक सामना नव्हता, मैदान नव्हते, चेंडूही नव्हता. दूर कॅन्सस सिटीत एका व्यासपीठावरून एक माणूस एकेक नाव वाचून दाखवणार होता, एवढेच! अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा तो ‘ड्राफ्ट’. महाविद्यालयांतून खेळून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंची ३२ संघांत होणारी वाटणी. त्या वाटणीची ती पहिली फेरी होती.

हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबोळका चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन अडवायचे, असा तो खेळ. २०१९ साली मुलाकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. मुलाच्या नादाने ह्यूस्टनच्या ‘टेक्सन्स’ संघाचा चाहता झालो. संघ हरू लागला तरी चाहतेपण सुटले नाही. हरणाऱ्यांच्या बाजूने उभे राहायची आपल्याला सवय आहेच!

पण मला खिळवून ठेवले ते या ड्राफ्टच्या नियमाने. नियम असा, की मागच्या हंगामात जो संघ सर्वांत शेवटी राहिला त्याला खेळाडू निवडण्याचा पहिला मान. त्याच्या वरच्याला दुसरा. असे करत करत जो विजेता ठरला त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी. वाचकहो, ही तर सरळसरळ बिंदुनामावलीच झाली! ज्या देशाला आमचे गुणवत्तावाले स्पर्धेचे आणि मुक्त बाजाराचे माहेरघर म्हणतात, त्या देशातला सर्वांत श्रीमंत खेळ शेवटच्याला पुढे बसवतो. एवढेच नव्हे, टीव्हीच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातून मिळणारा पैसाही तिथे ३२ संघांत समसमान वाटला जातो. का? मालकांना भूतदयेचा उमाळा आला म्हणून नव्हे. तोच तो बलवान संघ दरवर्षी जिंकू लागला तर खेळात राम राहणार नाही, लोक पाठ फिरवतील आणि सगळ्यांचाच धंदा बुडेल, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. दुबळ्याला पुढची पाळी देणे ही भीक नसते, खेळ जिवंत ठेवण्याची ती अट असते. बाबासाहेबांनी संविधानातून या देशाला हेच समजावले आणि इथल्या मनुवाद्यांना ते अजून पचलेले नाही.

आता आमच्या संघाची कथा ऐका. २०२२ च्या हंगामात टेक्सन्सनी १७ सामन्यांत अवघे ३ जिंकले, एक बरोबरीत सुटला. शेवटचा सामना ८ जानेवारी २०२३ रोजी झाला. तो हरले असते तर पहिली पाळी ह्यूस्टनची होती. पण अगदी अखेरच्या क्षणी आमच्या पोरांनी ३२-३१ असा विजय खेचून आणला आणि पहिली पाळी शिकागोकडे गेली! शहरातले चाहते जिंकल्याबद्दल हळहळत होते. मीही हळहळलो, खोटे कशाला सांगू? ‘शेवटच्याला मान दिला की लोक मुद्दाम शेवटी राहतात’ असा आरोप या पद्धतीवरही होतो. आपल्याला तो तोंडपाठ आहे. सवलतींमुळे माणसे आळशी होतात, हे ऐकतच आपण म्हातारे झालो. त्या आरोपाला मैदानातल्या पोरांनी परस्पर उत्तर दिले. ज्याची भाकरी खेळावर आहे तो हरण्यासाठी खेळत नाही. मात्र त्यांचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ या काळ्या गृहस्थांना त्याच रात्री कामावरून काढण्यात आले. आदल्या वर्षी डेव्हिड कली या काळ्या प्रशिक्षकांनाही एकाच हंगामानंतर घरी पाठवले होते. बुडती नाव हाती द्यायची आणि बुडाली की नावाड्याला दोष द्यायचा, हा प्रकार आपल्या अधिकाऱ्यांनी कमी अनुभवलेला नाही.

तर पाळी दुसरी. हवा होता क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. समोरची व्यूहरचना पाहून दोन-तीन सेकंदांत निर्णय घेणारा आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू. ओहायो स्टेट विद्यापीठाचा सी. जे. स्ट्राउड हा काळा तरुण माझ्या मनात भरला होता. वडील तुरुंगात, आईने कष्टाने वाढवलेला. पण ड्राफ्टच्या तोंडावर एक बातमी फुटली. आकलनशक्ती मोजणाऱ्या कुठल्याशा चाचणीत त्याला १०० पैकी १८ चा शेरा मिळाला म्हणे! फुटलेले आकडे कितपत खरे, यावर पुढे वाद झाला. पण तोवर चर्चा रंगली होती. हात चांगला आहे, डोक्याचे काय? ह्यूस्टन त्याला घेणारच नाही, अशी कुजबुज सुरू झाली.

तो १८ चा आकडा माझ्या जिव्हारी लागला. मी तीस वर्षे एका सरकारी कार्यालयात काढली. विभागीय परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालो. फायलीत चूक दाखवा म्हणून साहेबांना आव्हान देत आलो. तरी पाठीमागे ‘सरकारचे जावई’ हे शब्द कानावर पडतच राहिले. माणसाचे काम समोर दिसत असताना ते न पाहता त्याच्या डोक्याविषयी शंका घेणे, ही फक्त आपल्याच देशाची रीत नाही, हे त्या दिवशी कळले.

पहिले नाव पुकारले गेले, ब्राइस यंग. तोही काळा क्वार्टरबॅक. शिकागोने आपली पहिली पाळी आधीच कॅरोलिनाला देऊन टाकली होती आणि कॅरोलिनाने त्याला घेतले. मग ह्यूस्टन. घरात कुणी बोलेना. आणि नाव आले, सी. जे. स्ट्राउड! मुलगा ओरडला, “अण्णा, घेतला!” मी नकळत उभा राहून टाळ्या वाजवू लागलो. सुनेने स्वयंपाकघरातून विचारले, “काय झालं?” काय झाले ते एका वाक्यात सांगता येण्याजोगे नव्हते.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच दुसरा धक्का! तिसरी पाळी अ‍ॅरिझोनाची होती. ह्यूस्टनने त्यांना आपली त्या फेरीतली बारावी पाळी, तेहेतिसावी पाळी आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी देऊन, शिवाय वर आणखी भर घालून, ती तिसरी पाळी विकत घेतली आणि विल अँडरसन हा बचावपटू उचलला. मुलगा खूश, मी मात्र गप्प. पुढच्या वर्षीचे बियाणे आजच खाल्ले की काय, अशी धास्ती वाटली. चौथे नाव आले इंडियानापोलिसचे, अँथनी रिचर्डसन. पुन्हा काळा क्वार्टरबॅक! पहिल्या चार नावांत संघांचे तीन मेंदू, आणि तिन्ही काळे. मायामीची पाळी नियमभंगाच्या शिक्षेपायी जप्त झाल्याने त्या रात्री ३१ नावे वाचली गेली. पण माझ्या लेखी फेरी तिथेच पूर्ण झाली होती.

पुढे काय झाले? नवे प्रशिक्षक डेमिको रायन्स, तेही काळे. त्यांच्या हाताखाली ३ विजयांचा संघ १० विजयांवर गेला आणि गटात पहिला आला. १८ गुणवाल्या स्ट्राउडने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी एकाच सामन्यात ४७० यार्ड चेंडू फेकून नवख्या खेळाडूंचा विक्रम केला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू तो ठरला आणि सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला अँडरसन. माझी धास्ती खोटी ठरली. उलट त्याच चाचणीत ज्याला ९८ गुण मिळाल्याचे बोलले गेले, त्या ब्राइस यंगच्या संघाला त्या हंगामात १७ पैकी २ सामने जिंकता आले. म्हणून यंग मठ्ठ ठरतो का? मुळीच नाही. दुबळ्या संघात, नीट साथ नसताना कुणाचेही तेज झाकोळते. चाचणीचा आकडा म्हणजे माणूस नव्हे आणि संधीबरोबर आधारही लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि लक्षात घ्या, ह्यूस्टनच्या विजयाला कुणी ‘कोट्यातला विजय’ म्हटले नाही. पाळी नियमाने मिळाली, सामने घाम गाळून जिंकले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे तिथे शाळकरी पोरालाही समजते.

परंतु बंधूंनो, एवढ्यावर लेख संपवला तर ती फसवणूक होईल. या नियमाचा जन्म पाहा. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना १९३५ साली मांडली. पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी झाली. ज्या १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेच हे साल! आणि त्या काळात, म्हणजे १९३४ पासून १९४५ पर्यंत, या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता. अस्पृश्यतेला लेखी नियम लागत नाही. म्हणजे शेवटच्या मालकाला पहिला मान देणारी मंडळी शेवटच्या माणसाला दारातही उभे करीत नव्हती. समता होती, पण ती मालकामालकांतली! वॉशिंग्टनच्या संघाने तर १९६२ पर्यंत काळा खेळाडू घेतला नाही. सरकारी जमिनीवरचे मैदान मिळणार नाही असा दम केनेडी सरकारने भरला, तेव्हा कुठे त्यांचे दार उघडले. सरकारने बडगा उगारल्याशिवाय खाजगी मालकांना न्याय सुचत नाही, हा धडा खाजगी क्षेत्रात आरक्षण मागणाऱ्या आपण गाठीशी बांधून ठेवावा.

दार उघडले तरी मेंदूची जागा गोऱ्यांसाठीच राखीव राहिली. काळ्याने पळावे, अडवावे. विचार गोऱ्याने करावा. ही अमेरिकेतली चातुर्वर्ण्यव्यवस्थाच! विद्यापीठाचा क्वार्टरबॅक काळा असला तर त्याला दुसऱ्या जागी खेळायला लावत. वॉरेन मून यांनी ते नाकारले. १९७८ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचे नाव कुणीच घेतले नाही. ते कॅनडात गेले, तिथे पाच विजेतेपदे मिळवली आणि १९८४ मध्ये याच ह्यूस्टनमध्ये तेव्हाच्या ‘ऑयलर्स’ संघात परत आले. २००६ साली फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात दाखल झालेले ते पहिले काळे क्वार्टरबॅक आधुनिक काळातले. ड्राफ्टमधून पहिल्याच क्रमांकाला काळा क्वार्टरबॅक निवडला जायला २००१ साल उजाडावे लागले. तो मायकेल व्हिक.

आणि हे जुने झाले असे म्हणाल, तर डोक्याला मार बसून स्मृती गेलेल्या निवृत्त खेळाडूंच्या भरपाईचा हिशेब पाहा. काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी असते असे गृहीत धरून त्यांचे नुकसान मोजले जात होते, म्हणजे भरपाई मिळणेच अवघड. काळ्या माजी खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०२१ साली ही पद्धत सोडण्याचे लीगने कबूल केले. २०२१ साली! त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी १८ गुणांची बातमी फुटते, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

निम्म्याहून अधिक खेळाडू काळे. पण बहुमताची मालकी असलेला काळा मालक ३२ पैकी एकाही संघाला आजवर लाभलेला नाही. ड्राफ्टपूर्वी या तरुणांची उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी मोजली जाते. कॉलिन केपरनिक या खेळाडूने २०२१ च्या आपल्या मालिकेत याची तुलना गुलामांच्या बाजाराशी केली. ही तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. स्ट्राउडला चार वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. पण कुठे खेळायचे, हे तो ठरवू शकला नाही. ते मालकाने ठरवले. आणि त्या रात्रीनंतर दोनच महिन्यांनी, २९ जून २०२३ रोजी, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. संघ शेवटी राहिला तर पहिला मान. माणूस शेवटी राहिला तर म्हणे स्पर्धा करा!

निवडला जाणारा आपला, निवडणारे मात्र दुसरेच. हे वाक्य कुठे ऐकल्यासारखे वाटते ना? २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने आपल्या पदरात नेमके हेच टाकले. राखीव जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. उमेदवार आपला, त्याला निवडून आणणारी मते इतरांची. त्यातून कोणती पैदास झाली, हे मान्यवर कांशीराम यांनी १९८२ साली ‘चमचा युग’ लिहून सांगितले. म्हणूनच बाबासाहेब नुसत्या नोकऱ्या मागून थांबले नाहीत. त्यांनी समाजापुढे शासनकर्ती जमात होण्याचे ध्येय ठेवले.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मुलगा म्हणाला, “अण्णा, आज आपण जिंकलो.” मी म्हणालो, “बाळा, आज आपल्याला कुणीतरी निवडले. नाव वाचणाऱ्या आणि पाळी ठरवणाऱ्या टेबलाशी ज्या दिवशी आपण बसू, त्या दिवशी जिंकलो असे म्हणू.” तोवर टाळ्या जरूर वाजवाव्यात. स्ट्राउडसारखा पोरगा पुढे आला की मी आजही उभा राहून वाजवतो. पण टाळ्या वाजवताना नजर मात्र त्या टेबलावरून हलू देऊ नये. जयभीम!