कावळा मांजराच्या मागे का लागतो

मे महिना सरत आला की रत्नागिरीत मांडवीच्या कुठल्याही आळीत सकाळी हा प्रकार दिसतो. माडाच्या झावळीवरून एक कावळा सरळ खाली झेपावतो, पायरीवर ऊन खात बसलेलं मांजर कान पाडून पडवीत पळतं, आणि मग वरच्या तारेवर चार-पाच जण जमून कितीतरी वेळ कलकलाट करत राहतात. ‘हल्ली कावळे फार माजलेत’ हे वाक्य या दिवसांत हमखास कानावर पडतं. त्याला जोडून आणखीही गोष्टी येतात. कुणाचं तरी मांजर घारीनं उचलून नेलं, कावळ्याची चोच लागली की कुत्रा चावल्यावर घेतात तीच इंजेक्शनं घ्यावी लागतात, घरटं काठीनं पाडलं की पुढची कटकट मिटते. यातलं बरंचसं चूक आहे. खरा धोका आहे, पण तो भलतीकडेच, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी माजाचं बघू. आपल्याकडे गावकावळ्याची वीण पावसाच्या तोंडावर असते, साधारण एप्रिल ते जुलै. अंडी उबायला सोळा-सतरा दिवस लागतात. पिल्लं तीन ते चार आठवडे घरट्यात राहतात आणि बाहेर पडल्यावरही काही आठवडे आईबापच त्यांना भरवतात. कावळा सगळ्यात जास्त अंगावर येतो तो पिल्लं घरट्याबाहेर पडून धड उडता येत नाही त्या दिवसांत. आणि अशा पिल्लाचा पहिला वैरी कोण, तर मांजर. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथली मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारत असावीत असा अंदाज काढला होता. आपलं मांजर घरी दूधभात खातं, गरीब आहे, हे आपल्याला ठाऊक. कावळ्याला ते ठाऊक असायचं कारण नाही, आणि खरं सांगायचं तर गरीब मांजरही समोर पिल्लू फडफडलं की झडप घालतंच.

कावळ्याचा हल्ला नीट पाहिला तर त्याचा हेतू कळतो. तो बहुधा पाठीमागून येतो. समोरून, डोळ्याला डोळा भिडवून सहसा येत नाही. डोक्यावरून जाताना पायाच्या नख्या टेकवतो, क्वचित चोच मारतो, आणि लगेच वर उठतो. मांजर किंवा कुत्रा त्या झाडापासून लांब गेला की काम झालं. माणसाच्या बाबतीतही असंच. घरट्याखालून जायचंच असेल तर छत्री उघडून जावं, एवढं पुरतं.

कावळा मांजराची शेपूट ओढतो तो प्रकार मात्र वेगळा, आणि या दोन्हींची गल्लत होते. ओट्यावर मासे साफ करून झाले, बांगड्याचं मुंडकं मांजरापुढे पडलं, की दोन कावळे उतरतात. एक मांजराच्या पुढ्यात, टप्प्याच्या थोडा बाहेर राहून उड्या मारतो. दुसरा मागून येऊन शेपटीचं टोक चोचीत धरतो आणि हिसडा देतो. मांजर फणकारून मागे वळतं, तेवढ्यात पहिल्यानं मुंडकं उचललेलं असतं. ही निव्वळ चोरी आहे. ती बारा महिने चालते, घरट्याशी तिचा संबंध नाही. तिच्यावर उपायही सोपा: मांजराचं खाणं घरात, दाराआड वाढायचं आणि मासळीची घाण परसात न टाकता झाकून ठेवायची.

इथे मांडवीच्या जागेचाही हात आहे. एका अंगाला राजिवडा, दुसऱ्या अंगाला मिरकरवाड्याचं मोठं मासेमारी बंदर, आणि मधे जेटीवर संध्याकाळी खाऊच्या गाड्या. कावळ्या-घारींना इथे खाण्याला तोटा नाही. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. म्हणजे ज्या दिवसांत कावळ्याला पिल्लांची तोंडं भरायची असतात, नेमक्या त्याच दिवसांत बंदरावरची टाकाऊ मासळी आटते. जूनमध्ये परसातल्या भांड्यांवर आणि खुराड्यांवर त्यांची नजर वाढते ती यामुळे, असा माझा अंदाज आहे.

काहींची समजूत उलटी असते. रोज गच्चीवर घास ठेवला की पक्षी माणसाळतात, मग त्रास देत नाहीत. दिल्लीतल्या घारींवर निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. घरट्याभोवती माणसांची वर्दळ जास्त, कचरा उघड्यावर, आणि जवळपास घारींना मांसाचे तुकडे भिरकावण्याची प्रथा, अशा ठिकाणच्या घारी घरट्याजवळ आलेल्या माणसावर जास्त त्वेषानं तुटून पडतात, असं त्यात दिसलं. माणसाकडून खायला मिळत गेलं की त्याची भीती जाते, आणि भीती गेलेला पक्षी पिल्लांच्या दिवसांत जास्त धीट होतो. पितृपक्षातल्या घासाचा इथे प्रश्न नाही. तो भाद्रपदात येतो, तेव्हा कावळ्यांची घरटी रिकामी झालेली असतात. एप्रिल ते जुलै मात्र गच्चीवर रोजचा रतीब नको.

दगड, बेचकी, फटाके हे उपाय लोक हक्काने करतात आणि ते अंगाशी येतात. कावळा चेहरा लक्षात ठेवतो. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची कडी अडकवली आणि सोडून दिले. त्यानंतर कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कोणी त्या परिसरात फिरलं की कावळे गोळा होऊन ओरडायचे. पकडले न गेलेले कावळेसुद्धा त्यात सामील व्हायचे. दुसरा, साधा मुखवटा घातलेल्या माणसाकडे ते तितकं लक्ष देत नसत. तिथला कावळा आपल्या गावकावळ्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, पण कूळ एकच, आणि आपला कावळा डूख धरतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. दगड मारणाऱ्याच्या घराला तो विसरत नाही, आणि त्याचा भुर्दंड त्या घरच्या मांजरालाही बसतो. तारेला मेलेला कावळा टांगणं हाही जुना उपाय. तो टांगला की पहिल्यांदा गावभरचे कावळे जमून आकांत करतात. मेलेला पक्षी घराशी लटकवून ठेवणं किती घातक आहे, ते पुढे येईलच.

घरटं पाडायचं म्हणाल, तर दोन अडचणी. एक म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला घरटं गेलं की जोडी बहुधा पुन्हा बांधायला घेते, म्हणजे तुमचे त्रासाचे दिवस आणखी लांबतात. दुसरी कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा पाचव्या अनुसूचीत, उंदीर-घुशींच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून होता आणि त्याला मारायला मोकळीक होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. ‘कावळ्याला मारलं तर काय होतंय’ हे आता चालत नाही. घारीला तर आधीपासूनच संरक्षण आहे. आणि या कायद्यात रानपक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही शिकारीतच धरलं जातं.

केनियाचं उदाहरण हल्ली काहीजण देतात. तिथल्या वन्यजीव खात्यानं 2024 मध्ये दहा लाख कावळे मारायचं ठरवलं, ते खरं आहे, आणि ते कावळे आपल्याच जातीचे, हेही खरं. पण तिथे तो मूळचा नाही. जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथल्या छोट्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला. कोकणात तो मूळचाच आहे. त्याच्या घरट्यात अंडी घालणारी कोकीळही त्याच्यावरच जगते.

आता घार. ‘घारीनं मांजर नेलं’ ही गोष्ट प्रत्येक गावात आहे. आपल्या नेहमीच्या काळ्या घारीचे पंख पसरले की दीड मीटर भरतात, त्यामुळे ती डोक्यावरून गेली की छाती दडपते. वजन मात्र किलोभरसुद्धा नसतं. मोठं मांजर तीन-चार किलोचं. शिकारी पक्षी साधारणपणे स्वतःच्या वजनापेक्षा बरंच कमी ओझं घेऊन उडतो. शिवाय घारीचे पाय तिच्या आकाराच्या मानानं लहान आणि कमी ताकदीचे. ती मुख्यतः मेलेलं, टाकलेलं उचलणारी. विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार तर तिच्याहूनही हलकी, तिचं लक्ष मासे-खेकड्यांवर. किनाऱ्यावरचा खरोखर मोठा पक्षी म्हणजे समुद्री गरुड, आपली काकणघार. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिच्या घरट्यांचं सर्वेक्षण केलं आहे. तिचं खाणं मासे आणि समुद्री साप. अंगणातल्या मांजरासाठी ती येत नाही.

पण म्हणून सगळेच निर्धास्त नाहीत, आणि हा भाग मी हलक्यानं घेणार नाही. डोळे न उघडलेली मांजराची पिल्लं उघड्यावर सापडली तर कावळे त्यांना मारू शकतात. ससा पाळला असेल तर त्याची लहान पिल्लंही त्यातच आली. कोंबडीची पिल्लं तर घार, शिक्रा आणि कावळा या तिघांचीही आवडती. जुन्या बायका पिल्लांवर डालगं पालथं घालून ठेवायच्या ते उगाच नव्हे. आजही तेच करावं, किंवा खुराड्यासमोर वरूनही जाळी असलेला छोटा बंदिस्त वाडा करावा. मासेमारीचं जुनं जाळं वापरणार असाल तर ते ताठ ताणून बांधा. सैल सोडलं की त्यात पक्षी अडकतात आणि सापही.

गॅलरीत टांगलेला लव्हबर्डचा पिंजरा हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण. गजांतून पक्षी बाहेर पडत नाही, म्हणून तो सुरक्षित, असं वाटतं. कावळा बाहेरून पिंजऱ्याला लटकतो, आतला पक्षी घाबरून फडफडत गजांना चिकटतो, आणि चोच तिथेच त्याला गाठते. शिक्र्याचा पंजाही गजांतून आत जातो. पिंजऱ्याची निदान वरची आणि मागची बाजू झाकलेली हवी, आणि माणूस जवळ नसेल तेव्हा पिंजरा घरात. पिंजऱ्यात हिरवा देशी पोपट असेल तर गोष्ट निराळी. तो पाळणंच गुन्हा आहे.

जमिनीवर बसलेलं कावळ्याचं पिल्लू दिसलं की ‘आईनं टाकलं’ म्हणून घरी आणणारी दयाळू माणसं पुष्कळ. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला घेत नाहीत, ही समजूतही पक्की बसलेली. दोन्ही खोटं. पिसं फुटलेली, आखूड शेपटीची, चोचीच्या कडा गुलाबी असलेली पिल्लं काही दिवस जमिनीवर, कुंपणावर वावरतातच, आणि आईबाप वरून लक्ष ठेवून असतात. फार तर जाड फडक्यानं उचलून जवळच्या फांदीवर ठेवावं आणि तेवढे चार-आठ दिवस मांजराला घरात कोंडावं, कुत्र्याला दुसऱ्या वाटेनं फिरवावं. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

अपशकुनाचं थोडक्यात. कावळा डोक्याला शिवला म्हणून घरात काही वाईट होत नाही. मेमध्ये तो शिवतो कारण वर घरटं असतं. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार. कावळ्याच्या ओरखड्यासाठी रेबीजची लस लागत नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवावी, खोल असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारावं. पण त्या गडबडीत भांबावलेला कुत्रा किंवा मांजर तुम्हाला चावलं असेल, तर ती जखम मात्र रेबीजच्याच हिशेबानं दाखवायची.

आणि आता खरा धोका. जिवंत कावळ्याची चोच तुमच्या मांजराचं फारसं बिघडवत नाही. मेलेला कावळा बिघडवू शकतो. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दापोलीत, मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. त्याच सुमारास परभणीतल्या मुरुंब्याच्या कोंबड्यांतही तो सापडला. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे पटापट मेले आणि कारण तेच निघालं. आपण हा रोग पक्ष्यांचाच समजत होतो. पण डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं दगावले आणि त्यानंतर मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरातल्या मांजरांतही तो सापडला. मार्जारकुळाला हा विषाणू फार जड जातो. आजारी पक्षी खाल्ला किंवा कच्चं कोंबडीचं मांस खाल्लं, की लागण होऊ शकते.

म्हणून अंगणात कावळा मरून पडला असेल, त्यातही एकापेक्षा जास्त असतील, तर मांजर-कुत्रा तत्काळ आत घ्या. पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, समुद्रात किंवा उकिरड्यावर भिरकावू नका, तारेला तर टांगूच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत कोंबड्या खुराड्यातच ठेवा आणि मांजराला मांस द्यायचं ते पूर्ण शिजवूनच द्या. त्या दिवसांत मांजर सुस्त झालं, खाईना, धाप लागली किंवा झटके आले, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की जवळपास कावळे मेले होते.