गाणं माझं, मग पट्टी कोणाची?

पोळ्या लाटता लाटता एखादी चाल सुचते आणि दिवसभर ओठांवर घोळत राहते, हा अनुभव तुमच्यापैकी कितीतरी जणींना असेल. माझंही तसंच झालं. आमच्या खुलताबादला श्रावणी शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला माणसं लांबून पायी येतात. ती रीघ बघता बघता एक गाणं जुळलं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. म्हटलं, संमेलनात मुलींकडून बसवून घ्यावं.

तालमीला पेटीवाल्या भाऊंनी विचारलं, "बाई, पट्टी कोणती?" मी गप्प! त्यांनी सवयीने काळी एक धरली. मुलींनी खाली म्हटलं तर सूर पोटातच राही, वरच्या सप्तकात घेतलं तर अंतऱ्याला आवाज चिरके. "मुलींचे गळेच तयार नाहीत," असा शेरा पडला आणि गाणं कार्यक्रमातून गळलं. एक मुलगी तर त्यानंतर वर्गातही गाईना. ते मला फार लागलं.

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आरतीला मीसुद्धा निम्म्यात थांबते. यांची पट्टी मला झेपत नाही." तीस-पस्तीस वर्षं त्या स्वतःच्याच गळ्याला दोष देत होत्या! त्या दिवशी माळ्यावरची पेटी खाली काढली.

आधी सा शोधायचा. माझी पहिली चूक इथेच झाली. गाणं ज्या सुरावर सुरू होतं, त्यालाच मी सा धरलं. पण सा म्हणजे चाल जिथे विसावते, जिथे 'आलो घरी' असं वाटतं तो सूर. माझं ध्रुवपद पंचमावर सुरू होतं आणि सा वर येऊन टेकतं. तो टेकलेला सूर गुणगुणत एकेक पट्टी दाबून पाहिली. काळी पाचशी तो जुळला.

मग चालीत कोणते स्वर लागतात ते लिहून काढले. ग आणि नी कोमल, बाकीचे शुद्ध. म्हणजे पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी काफी. पंचमालाच सा धरून बसले होते, तेव्हा हेच गाणं आसावरीचं दिसत होतं! पाश्चात्त्य पद्धतीत तीव्र-कोमलाच्या या खुणा ओळीच्या आरंभीच घालतात. आपण कोमल स्वराखाली आडवी रेघ मारतो. पट्टी आणि थाट, दोन्ही वहीत टिपून ठेवलं की कोणीही साथीदार गोंधळत नाही.

शेवटी सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर बघायचा. माझं गाणं मध्य सा पासून तार गंधारापर्यंत जातं. पुरुषांना सहसा काळी एकच्या आसपास सोपं जातं, बायकांना काळी चार-पाचच्या. दोष गळ्याचा नव्हता, पट्टीचा होता.

हे सारं करताना शार्ङ्गदेवांची आठवण झाली. आमचा घाट उतरला की देवगिरीचा किल्ला. १३व्या शतकात तिथल्या यादवांच्या दरबारी हिशेबाचं काम पाहणाऱ्या या गृहस्थांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. मंद्र नाद हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, असं त्यांनी सांगितलं आहे. श्रुती समजावायला त्यांनी दोन वीणा घेतल्या. एकीचे सूर कायम ठेवले, दुसरीचे उतरवत ताडून पाहिले. आपणही तेच करायचं. पेटी कायम, गळा ताडून बघायचा. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तानपुराही चालतो.

पुढच्या तालमीला मी आधीच सांगितलं, "भाऊ, काळी पाच. ग-नी कोमल." त्यांनी हसून भाता हलवला. अंतरा आला आणि मुली तार गंधारावर न अडखळता पोचल्या. ती रुसलेली मुलगीही मागच्या रांगेत गात होती.

आता आमच्याकडे आरतीलाही आधी पट्टी ठरते. एक दिवस सासऱ्यांची, एक दिवस सासूबाईंची. तेव्हा मैत्रिणींनो, "मला गाता येत नाही" असं म्हणण्याआधी एकदा विचारून बघा: आपण गातोय ती पट्टी कोणाची आहे?