शाफ्टचे आसन

बल्लारपूरच्या लाकूडव्यापारावर लिहावयास संपादकांनी मला धाडले होते. परंतु सागवानाचे लिलाव, डेपोतील दप्तरे आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली येथून गेलेले लाकूड यांची माहिती टिपून झाल्यावर, एका जुन्या सॉ मिलमध्ये उघडून ठेवलेल्या रंधा मशीनपाशी मी जो थांबलो, तो तेथेच रमलो.

या यंत्राचा पात्यांचा शाफ्ट मिनिटाला काही हजार फेरे घेतो, आणि तो बॉल बेरिंगवर नव्हे, तर बिडाच्या घरात ओतलेल्या व्हाइट मेटलवर फिरतो. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या या मिश्रधातूच्या बेरिंगचे पेटंट अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली घेतले. हा धातू मऊ असल्याने बारीक खडा आपल्या अंगात रुतवून घेतो, आणि तेल आटले तर स्वतः वितळतो, पण पोलादी शाफ्टला सहसा जखम होऊ देत नाही. हा त्याचा गुण मला अत्यंत उदात्त वाटतो.

मिलच्या मिस्त्रींनी बेरिंगचा जुना धातू वितळवून काढला, घर स्वच्छ करून शेकले आणि ओतीव रस चिकटू नये म्हणून शाफ्टला दिव्याची काजळी धरली. शाफ्ट घरात ठेवून घराची दोन्ही तोंडे मातीने लिंपल्यावर त्यांनी रसात लाकडाची काडी बुडविली. ती करपली पण पेटली नाही, तेव्हा कोठे त्यांनी हात न थांबविता एका धारेत ओतकाम केले. मग शाफ्टला निळा रंग फासून तो बैठकीत फिरवावयाचा, जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा जुन्या कानसीपासून घडविलेल्या तिधारी स्क्रेपरने खरवडावयाचा, आणि इंचभर व्यासास सुमारे एक हजारांश इंच एवढीच, तेलाच्या थरापुरती मोकळीक साधेपर्यंत हे अविरत करीत राहावयाचे.

मालकांना सर्वत्र बॉल बेरिंग हवे होते. मधल्या शाफ्टसाठी मिस्त्रींनी ते आनंदाने मान्य करून प्लमर ब्लॉकची, म्हणजे बेरिंगच्या तयार घरांची, तजवीजही केली. पात्यांच्या शाफ्टसाठी मात्र दोन्ही घरे एका रेषेत कोरून मोठी करावी लागतील, आणि भिंत पातळ होऊन बीड तडकले तर उपाय नाही. “बेरिंग बजारात भेटते साहेब, ही बॉडी कुठून आणाची?” हा त्यांचा प्रश्न मला निरुत्तर करणारा वाटला.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. पुली शाफ्टवर जखडणाऱ्या चावीने सैल होऊन पुलीखालची खाच रुंदावली आहे. वेल्डिंगने ती भरावी तर तापून शाफ्ट वाकण्याचे भय, म्हणून विरुद्ध बाजूस नवी खाच पाडण्याचे ठरले. परंतु एवढ्या वेगात धातूचा किंचित फरकही यंत्र थरथरवितो, तेव्हा पुलीसह शाफ्टचा तोल पुन्हा साधावा लागेल. त्यात भंगारातून मिळणाऱ्या व्हाइट मेटलमध्ये शिसे किती हे डोळ्यांनी कळत नाही, आणि ओतकाम शिकावयास मिस्त्रींच्या हाताखाली कोणीही नाही. शाफ्ट तूर्त चंद्रपूरच्या लेथवर आहे. तो सरळ ठरला तरच नवी खाच पडेल, अन्यथा नव्या पोलादाचा शाफ्ट घडवून बैठक पुन्हा ओतावी लागेल.